अण्णांच्या हृदयाच्या चार चौकटी

आमच्या खोलीत दिवा लावत नाहीत. बाहेरच्या उजेडातून आलेल्या माणसाला क्षणभर काहीच दिसत नाही. त्यात एसीची थंडी, आणि त्यात मी शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपायला सांगते. कॅम्पात, म्हणजे लष्करी भागात, राहणारे एक निवृत्त सुभेदार अधूनमधून तपासणीला येतात आणि दर वेळी उंबऱ्यावर थांबून विचारतात, "लाइट गेली काय?" नाही, स्क्रीन नीट दिसावी म्हणून बंद ठेवलीय, असं मी दर वेळी सांगते. मग ते "अच्छा" म्हणून आत येतात आणि काहीतरी लपवलं जातंय अशा चेहऱ्यानं झोपतात.

बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या हृदयविभागात मी टेक्निशियन आहे. हृदयाची सोनोग्राफी करते, तिला इको म्हणतात. लोक मला सिस्टर म्हणतात, काहीजण डॉक्टरीणबाई म्हणतात. मी दोन्ही नाही. छातीला जेली लावायची, हातातला प्रोब बरगड्यांच्या फटीत धरायचा, आणि पडद्यावर हालणारं हृदय वेगवेगळ्या बाजूंनी टिपून ठेवायचं, एवढं माझं काम. त्याचा अर्थ डॉक्टर लावतात. टेक्निशियननं रुग्णाला काही सांगायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. कुणी विचारलंच तर "सर सांगतील" म्हणायचं. मला हा नियम पहिल्या दिवसापासून आवडला. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या मुलीसाठी तो नियम म्हणजे भर उन्हातली छत्री होती.

दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव निवृत्त माणसं लिहितात. माझी नोकरी तशी अजून कोवळी आहे. पण या अंकाचे संपादक माझ्या आत्याच्या शेजारी राहतात. रोज हृदयं बघणाऱ्या मुलीकडे सांगण्यासारखं खूप असणार, असा त्यांचा समज आहे. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की माझ्याकडे सांगण्यासारखं कमी आणि न समजलेलं जास्त आहे. ते म्हणाले, मग ते लिही. शिवाय मी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकले. हृदय मी इंग्रजीतून शिकले, आणि घरी, म्हणजे खानापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात, हृदयाला 'काळीज' म्हणतात आणि काळीज म्हणजे कधी लिव्हरसुद्धा असतं. तेव्हा चुका होतील.

आधी थोडं माझ्या कामाबद्दल. हृदयाची भिंत स्नायूची असते. ती आकसते तेव्हा जाडी वाढते, सैल पडते तेव्हा पातळ होते. निरोगी हृदयात सगळ्या बाजूंच्या भिंती एकदम आत येतात, एखाद्या मुठीसारख्या. ज्या बाजूला रक्त कमी पडतं, ती बाजू मागे राहते. शेजारच्या भिंती आत येतात आणि ही जागच्या जागी उभी. हे बघायची डोळ्यांना सवय लागते. मला ती लवकर लागली. लोकांकडे बघण्यापेक्षा पडद्याकडे बघणं मला कायम सोपं गेलंय.

गंमत अशी की बसलेल्या माणसात पुष्कळदा काहीच दिसत नाही. रक्तवाहिनी अरुंद असली तरी आरामात असताना तेवढं रक्त पुरतं. म्हणून आम्ही हृदयाला पळवतो. फिरत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, चालवून, नाहीतर शिरेतून औषध देऊन ठोके वाढवतो आणि कोणती भिंत मागे पडते ते बघतो. सुभेदार पट्ट्यावर चढले की उतरत नाहीत. दमलात की सांगा, असं सांगितलं तर छाती पुढे काढून म्हणतात, "अभी नहीं." शेवटी सरांनाच बटण दाबावं लागतं. निपाणीच्या एक आजी होत्या. आत मशीनला सगळं दिसतं या भीतीनं त्या प्रोब ठेवल्या ठेवल्या घरच्या सगळ्यांची नावं पुटपुटायच्या. धाकट्या सुनेचं नाव आलं की पडद्यावर ठोके वाढायचे. मी हे कुणाला बोलले नाही. आमच्या नियमाचा फायदा असा घरोघरीही पोचतो.

तर आम्ही हृदय पळवतो, आणि नेमक्या त्याच माणसाला सर गोळी देतात ती हृदय हळू करायची. माझा गोंधळ इथून सुरू होतो.

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं ते आकसताना. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूच्या आतल्या थराला, रक्त मिळतं ते बहुतेक सैल पडल्यावर. आकसताना स्नायूच आपल्या वाहिन्या दाबून धरतो. ठोके वाढले की आकसण्याचा वेळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती सैल पडण्याच्या वेळेला. म्हणजे काम वाढलं आणि जेवणाची सुट्टी गेली. ठोके हळू केले की सुट्टी लांबते, काम कमी होतं, आणि अरुंद वाहिनीतून का होईना, स्नायूला रक्त पोचतं. परीक्षेत मी आकृतीसकट हे लिहिलं आणि चांगले मार्क मिळवले. नंतर प्रत्यक्ष काम करताना मनात आलं, हळू चालणाऱ्या हृदयात दर ठोक्याला रक्त जास्त भरतं, मग दर ठोक्याला त्याला जास्त ढकलावंही लागत असेल. हा आराम झाला की ओझं? मोठ्या धैर्यानं मी सरांना विचारलं. सर धारवाडकडचे, घरी कन्नड बोलणारे. मराठी त्यांनी रुग्णांकडून उचललेली. ते म्हणाले, "दोन्ही. पण ज्याला रक्त कमी पडतंय त्याला फायदा जास्त. तू सुम्ने डोकं नको खाऊ स्वतःचं." सुम्ने म्हणजे उगाच.

मी उगाच डोकं खाणं थांबवलं. मग अण्णा आले.

अण्णा वडगावचे. नाव सांगत नाही, सगळी गल्ली त्यांना अण्णाच म्हणते. घराच्या खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग, वर संसार. साड्या विणतात. मुलगी लग्न करून चिकोडीला दिलेली, घरात दोघंच. मागांवर ते स्वतः उभे असत. बायको, म्हणजे आक्का, सुताच्या कांड्या भरून देत. चढ चढताना छातीत आवळायला लागलं म्हणून आले, तपासणीत वाहिन्या अरुंद निघाल्या, पण त्या अशा टोकाच्या बारीक फांद्यांमध्ये, की तिथे स्टेंट बसत नाही. सरांनी गोळ्या दिल्या. त्यातली मुख्य गोळी ठोके हळू करणारी. पुढच्या तारखेला अण्णा सरांसमोर बसले होते, मी मागे रिपोर्ट लावत होते.

"गोळीनं दुखणं कमी झालं का?" सरांनी विचारलं.

"दुखणं कमी हाय. पर मी बी कमी झालोय." अण्णांनी मनगट पुढे केलं. "हे बघा की नाडी. अशी चालतीया जशी एखादी म्हस नदीला चाललीया."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. "काय बी बोलतासा बघा."

"मी खरं बोलतोय. सर, तुमी मोटर बघितलासा कवा? होल्टेज कमी आलं की मागाची मोटर हळू फिरती. लोकास्नी वाटतं, बरं झालं, हळू फिरायलीया, आराम हाय. आराम कुठला? ती आतल्या आत तापती, गूं करती आन जळती. वायंडिंगचा वास सुटतो. वडगावात पोराला बी इचारा. हळू मोटर म्हंजे जळायला टेकलेली मोटर."

सर हसले. "अण्णा, मोटर नव्हे हो ते. जिवंत आहे ते."

"जित्तं हाय म्हणून तर काळजी. मोटर काय, दुसरी बांधून घेता येती."

मला आठवतंय, मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून रिपोर्टच्या कागदाचा कोपरा दुमडत होते आणि त्यांचं म्हणणं खोडायला जागा शोधत होते. सापडेना. मोटरचं ते बरोबरच होतं. कमी होल्टेजला मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. आमच्या गावातही विहिरीवरची मोटर अशीच जळते. मग हृदय का जळत नाही? मला माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं.

सरांनी ठरवलं की स्नायूला किती कमी पडतंय ते बघायचं. अण्णांचे गुडघे उभं राहून राहून गेलेले, पट्ट्यावर चालणं जमणार नव्हतं, म्हणून शिरेतून औषध देऊन ठोके वाढवायचे. आणि या तपासणीच्या आधी, ठोके वाढावेत म्हणून, सर ती गोळी थोडे दिवस बंद ठेवायला सांगतात. ही गोळी मनानं एकाएकी बंद करायची नसते, त्यानं दुखणं उसळू शकतं. हे सर सांगतात, मीही सांगते. अण्णांना दोघांनी सांगितलं. तपासणी झाली की लगेच पुन्हा सुरू करायची, हेही.

तपासणीला अण्णा आले तेच मुळी दुखरे गुडघे विसरल्यासारखे, जिना भरभर चढत. "पोरी, लई हलकं वाटायलंय. गोळी सोडली आन माणसात आलो." तपासणीत औषध चढत गेलं, ठोके वाढत गेले. मी एका हातानं प्रोब धरून पडद्याकडे बघत होते. खालच्या बाजूची भिंत आधी इतरांबरोबर होती. मग ती आळसावली. मग सगळ्या भिंती आत यायच्या आणि ती जागेवर उभी. अण्णा म्हणाले, "आवळतंय." सरांनी औषध बंद केलं आणि ठोके उतरवायचं इंजेक्शन दिलं. ठोके हळूहळू उतरले, आणि बघता बघता ती भिंत हलायला लागली. आधी थरथरल्यासारखी, मग सावकाश, मग सगळ्यांबरोबर. वाहिनी होती तेवढीच अरुंद होती. तिथे कुणी काही केलं नव्हतं. फक्त वेळ वाढवून मिळाला होता.

हे मी यापूर्वी अनेकदा बघितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्यासारखं झालं. पडदा माझ्याकडे होता. अण्णांची पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे. त्यांनी विचारलं, "काय दिसलं गं?"

मी म्हणाले, "सर सांगतील."

सरांनी सांगितलं, गोळी आजपासून पुन्हा. अण्णा हो म्हणाले.

काही आठवड्यांनी आक्का एकट्याच आल्या. आमच्या विभागाबाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी डबा खायला बाहेर पडले तसा त्यांनी माझा हातच धरला. माझा कुणी हात धरला की काय करावं कळत नाही.

"पोरी, हेनी गोळी खाल्लीच न्हाई त्या दिवसापास्नं. डबीत तशीच हाय. म्हणतात, डाक्टरनीच बंद करा म्हटलं, आन बंद केल्यावर मला बरं वाटलं. म्हंजे चूक गोळीत हुती."

"दुखतंय का त्यांना?"

"माग सुरू आसतोय तवर बोलत न्हाईत. मागाच्या आवाजात कण्हलं तर कुणाला ऐकू येतंय? पर मी बघती की. छातीला हात लावून खांबाला टेकतात, मी बघितलं की सूत तुटलं म्हणून वाकल्यागत करतात." त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. "डाक्टरांचं ऐकत न्हाईत. तू आत बघितलीस. तू सांग."

मी म्हणणार होते की मला सांगायची परवानगी नाही. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू आत बघणारं माणूस जगात मी एकटीच.

सरांच्या खोलीत जायला मला धीर गोळा करावा लागला. दारावर टकटक करून मी एकदा परत फिरलेसुद्धा. शेवटी सांगितलं. सर पेशंटचे कागद लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, "रेकॉर्डिंग आहे ना? बोलव त्याला. दाखव."

"मी?"

"मी बोललो की तो मोटर काढतो. तू दाखव."

या तपासणीचं रेकॉर्डिंग मशीन चार चौकटींत दाखवतं. आरामातलं हृदय, औषध सुरू झाल्यावरचं, पळताना, आणि पुन्हा उतरल्यावरचं. एकाच माणसाचं हृदय, चार जागी, शेजारी शेजारी. अण्णा आले ते आक्कांनी आणलं म्हणून आले. चेहरा असा, जणू लग्नात मानपान झाला नाही. त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी पहिल्यांदाच पडदा रुग्णाकडे वळवला. आक्का मागे उभ्या.

"हे समदं माझंच?"

"तुमचंच अण्णा. हे तिसरं पळताना. ही खालची भिंत बघा, येत नाहीये. आणि हे चौथं, इंजेक्शन देऊन हळू केल्यावर. आता आली बघा."

अण्णा पुढे वाकले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, पटलं.

"खोटं हाय हे," ते म्हणाले.

"अवो!" आक्का म्हणाल्या.

"तू गप. पोरी, तू म्हणतीस हे पळतंय आन हे हळू हाय. चारी सारखीच उडायलीत की. एका मोटरवर चार माग लावल्यागत. हळू कुठाय ह्यात?"

मी पडद्याकडे बघितलं. ते म्हणत होते ते खरं होतं. चारही हृदयं एका तालात आकसत होती. मला कधी दिसलंच नव्हतं. तुलना सोपी जावी म्हणून मशीन चारही ठोके एकाच मापाचे करून दाखवतं, सगळे एकदम आकसतात, एकदम थांबतात. खरा वेग कोपऱ्यात बारीक आकड्यात लिहिलेला असतो, आणि आम्ही तो वाचतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे भिंत मागे पडते आणि परत हलायला लागते, तो वेगच मशीननं पुसून टाकलेला. आणि मी तो पुसलेला वेग अण्णांना 'बघा, बघा' म्हणून दाखवत होते.

"आकडा इथे आहे," मी पुटपुटले.

"आकडा काय, कुणी बी लिवतंय."

मी एकेक चौकट वेगळी उघडायला गेले तर दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं आणि पडदा काळा झाला. "गेली काय लाइट?" अण्णांनी विचारलं, आणि पहिल्यांदा थोडं हसले. अखेर तिसरी चौकट एकटी, मोठी, तिच्या खऱ्या वेगानं सुरू झाली.

फडफड. दुसरा शब्द मला सुचत नाही. हृदय सैल पडतंय न पडतंय तोच पुन्हा आकसत होतं, आणि खालची भिंत नुसती उभी होती. मी चौथी लावली. आकसलं, मग सैल पडलं. आणि तसंच राहिलं. पुढचा ठोका येईपर्यंत पडद्यावर काहीच होत नव्हतं. ते काहीच न होणं इतकं लांब होतं की अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग पुढचा ठोका आला, आणि खालची भिंत सगळ्यांबरोबर आत आली.

"अण्णा, हे मध्ये थांबलंय ना, तेव्हा त्याला रक्त मिळतं," मी म्हणाले. "तेव्हाच मिळतं. पळायला लागलं की हे थांबणंच राहत नाही. मोटर थांबली की तिला काही मिळत नाही. ह्याचं उलटं आहे." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. एवढं लांब वाक्य मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते.

अण्णांनी मला दोन्ही चौकटी पुन्हा लावायला लावल्या. मग पुन्हा. मग म्हणाले, "ही उभी राहिलीया ती मेलीया काय?"

"नाही. मेली असती तर परत हलली नसती. उपाशी आहे. पण रोज उपाशी ठेवली तर..."

"कळलं," ते म्हणाले. शर्टाचं वरचं बटण त्यांनी लावलं, जसं कुणाच्या मयताला जाताना लावतात. "चल गं."

त्या दिवसापासून अण्णा गोळी वेळेवर घेऊ लागले. दुखणं थांबलं. सर म्हणाले, शाब्बास. आईला मी जेवताना सगळं सांगितलं, आणि मी जेवताना बोलत नाही म्हणून ती घास हातात धरून ऐकत राहिली. गोष्ट इथे संपली असती तर मी ती संपादकांना अभिमानानं दिली असती.

थंडीच्या सुरुवातीला आक्का पुन्हा त्याच बाकावर. या वेळी त्यांनी हात धरला नाही.

"काय दाखवलीस गं तू त्येस्नी?"

"का? गोळी घेतात ना?"

"घेतात की. गोळी घेतात आन बसतात. जिना चढत न्हाईत, काळीज पळायला लागंल म्हणून. मोठ्यानं बोलत न्हाईत. चिकोडीची लेक आली, नातू मांडीवर उडी मारायला गेला तर 'लांब हो' म्हटलं. टीव्हीवर क्रिकेट लागलं की बंद. चारीच्या चारी माग बंद. परवा मी एक माग लावला तर म्हणाले, त्या आवाजानं बी पळतंय माझं." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "आदी मरतील म्हणून भ्या वाटत हुतं. आता जित्तं हाईत का, ते बगायला लागतंय."

मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. एकेक शब्द बरोबर होता. तेच बरोबर शब्द घेऊन अण्णा खुर्चीत जाऊन बसले होते.

सरांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. चालायला पाहिजे त्याला. गोळी आहे म्हणून तर चालता येतं. गोळी ठोके फार वाढू देत नाही. रोज थोडं थोडं चाललं की शरीराला तेवढंच काम कमी ठोक्यांत जमायला लागतं." मग माझ्याकडे बघून, "आता हे पण दाखवायला रेकॉर्डिंग आहे काय?"

नव्हतं. म्हणून एका रविवारी मी वडगावला गेले. नियमात असं काही बसत नाही, आणि सरांनी जा म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

घरात शिरल्यावर खाली चार माग, त्यांच्यावर जुन्या साड्या झाकलेल्या. शेजारच्या घरांतून मागांचा आवाज भिंती हादरवत येत होता, आणि या घरात आपल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. अण्णा खिडकीशी खुर्चीत. मफलर गुंडाळलेला. रंग चांगला होता, पूर्वीपेक्षा चांगला. नाडी मी मोजली, संथ, समान, पुस्तकात छापावी अशी.

"चालायचं आहे अण्णा. सर म्हणालेत."

"आदी हळू म्हणता, आता चाला म्हणता. तुमचं बी एक काय ते ठरवा की." ते कुजबुजत बोलत होते. "मी बगितलंय पोरी. सरांनी न्हाई, तू दाखवलीस. ती उभी राहिली हुती. मला झोपंत दिसती ती उभी राहिलेली."

मला सांगायचं होतं की हळू म्हणजे थांबलेलं नव्हे. की मधली सुट्टी ही पुढच्या ठोक्यासाठी असते. मराठीत ते कसं म्हणायचं ते मनात जुळवत होते, आणि जुळेपर्यंत मलाच शंका यायला लागली. नक्की किती चालायचं? भिंत कधी मागे पडेल ते प्रोबशिवाय मला तरी कुठे दिसणार होतं? मी एवढंच म्हणाले, "मी येते सोबत. आवळलं तर लगेच थांबायचं. मी तिथेच आहे."

आक्कांनी जोडे आणून पुढ्यात ठेवले.

गल्लीत उतरलो. अण्णा एकेक पाऊल असं टाकत होते, जणू रस्ता ओला आहे. कोपऱ्यावरच्या घरातून एक म्हातारे विणकर ओरडले, "काय अण्णा, नर्स घेऊन फिरायलासा? लई मोठं झालासा!" अण्णांचे कान लाल झाले. पुढच्या घरात कुणाचा तरी माग बिघडल्यासारखा आवाज करत होता, सूत इकडून तिकडे नेणारा धोटा मध्येच अडखळत होता. अण्णा थांबले, कान दिला. "बेल्ट ढिला हाय," ते म्हणाले. कुजबुजत नाही, नेहमीच्या आवाजात. "ह्येला कितींदा सांगितलं. समदी साडी वाया घालवणार बग." आणि ते त्या दाराकडे निघाले. आधी सावकाश, मग जरा भरभर, मग हात हलवत, "ए बाबू! बंद कर की रे!" असं ओरडत. मफलर खांद्यावरून घसरून रस्त्यावर पडला.

मी तो उचलून त्यांच्यामागे निघाले. त्यांची पाठ पुढे जात होती, खांदे सरळ झाले होते, आणि मला आत काहीच दिसत नव्हतं. 'अण्णा, हळू' म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागे, त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर उभ्या आक्कांकडे लक्ष गेलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि हाताच्या इशाऱ्यानं मला गप्प राहा म्हणत होत्या, का त्यांना थांबव म्हणत होत्या, हे इतक्या लांबून मला ओळखता येईना.